टिकणारा अभ्यास: स्मरणाच्या संशोधनातून शिकण्या-शिकवण्याची दिशा

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा फार मोठा वेळ धडे पुन्हा पुन्हा वाचण्यात, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारण्यात आणि वहीतील उत्तरे घोकण्यात जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे येत असल्याची खात्री वाटते, परीक्षाही बऱ्यापैकी पार पडते. पण दोन-तीन महिन्यांनी त्याच धड्यावरचा साधा प्रश्न विचारला तर उत्तर सुचत नाही. याचे खापर बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या आळसावर, कच्च्या स्मरणशक्तीवर किंवा शिक्षकाच्या शिकवण्यावर फोडले जाते. माणूस माहिती कशी ग्रहण करतो, ती मनात कशी साठवतो आणि गरजेच्या वेळी कशी आठवतो याचा प्रयोगांच्या आधारे शोध घेणारी मानसशास्त्राची शाखा, म्हणजेच बोधनिक मानसशास्त्र, या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहते. तिच्या मते दोष बहुधा अभ्यासाच्या पद्धतीत असतो, आणि पद्धत बदलता येते. स्मरणाविषयीच्या शंभराहून अधिक वर्षांच्या संशोधनातून शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची जी गोष्ट पुढे आली आहे ती अशी, की अभ्यास करताना जे सोपे वाटते ते टिकेलच असे नाही, आणि जे दीर्घकाळ टिकते ते मिळवताना मनाला कष्ट पडतात.

विस्मरणाचे मोजमाप

स्मरण आणि विस्मरण यांचे काटेकोर मोजमाप होऊ शकते हे प्रथम दाखवून दिले ते हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या स्मरणविषयक ग्रंथात त्यांनी मांडलेले सगळे प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले होते. अर्थपूर्ण शब्द पाठ केले तर जुन्या ओळखीचा परिणाम निष्कर्षावर होईल, हे ओळखून त्यांनी दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर अशा रचनेचे सुमारे २,३०० निरर्थक उच्चार तयार केले. या उच्चारांच्या माळा ते घड्याळाच्या टिकटिकीवर, मिनिटाला १५० ठोके या ठरावीक गतीने वाचत आणि न अडखळता म्हणता येईपर्यंत पाठ करत. काही काळ लोटल्यावर तीच माळ पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो हे ते मोजत आणि वाचलेल्या वेळेवरून मनात किती शिल्लक राहिले आहे याचा हिशेब करत.

या हिशेबात वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, तासाभराने सुमारे ४४ टक्के, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि महिन्याने सुमारे २१ टक्के बचत आढळली. विस्मरणाची सर्वांत मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते आणि नंतर तिचा वेग मंदावतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट झाले. निरर्थक उच्चारांपेक्षा अर्थपूर्ण मजकूर सावकाश विसरला जातो हे खरे असले, तरी घसरणीचा आकार साधारण असाच राहतो, आणि २०१५ साली अॅम्स्टरडॅम येथील संशोधकांनी हा प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला तेव्हाही जवळजवळ तशीच वक्ररेषा मिळाली.

एबिंगहाउस यांचे दुसरे निरीक्षण अभ्यासाच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचे आहे. बारा उच्चारांची माळ एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हटल्याने दुसऱ्या दिवशी जितका फायदा दिसला, तितकाच फायदा तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हटल्याने मिळाला. आवृत्त्या जवळजवळ निम्म्याने कमी होऊनही परिणाम तोच राहिला. श्रम किती केले याइतकेच ते कालावधीत कसे वाटले यालाही महत्त्व आहे, हा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकातच हाती आला होता. वर्गखोलीपर्यंत पोहोचायला मात्र त्याला फार काळ लागला.

कार्यस्मृतीची मर्यादा

पुढील संशोधनाने स्मृतीचे दोन भाग वेगळे करून पाहिले. एखाद्या क्षणी ज्या गोष्टी मनात धरून त्यांच्यावर विचार चालू असतो त्या कार्यस्मृतीत असतात. आयुष्यभरात जमा झालेले ज्ञान, शब्द, कौशल्ये आणि अनुभव दीर्घकालीन स्मृतीत असतात. दीर्घकालीन स्मृतीच्या क्षमतेला व्यवहारात सीमा दिसत नाही, परंतु कार्यस्मृती अगदी लहान असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा सात घटकांच्या आसपास असल्याचे मांडले, तर नेल्सन कोवन यांनी २००१ साली उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन ती चारच्या जवळ असल्याचे दाखवले.

शिकण्याच्या अनेक अडचणींचे मूळ या मर्यादेत आहे. सात आठे छप्पन्न हे ज्या मुलाला चटकन आठवत नाही, त्याला मोठा भागाकार करताना गुणाकार, वजाबाकी आणि पायऱ्यांचा क्रम हे सगळे एकाच वेळी कार्यस्मृतीत सांभाळावे लागते, आणि त्या ओझ्याखाली भागाकाराची रीतच हातातून निसटते. ज्याचे पाढे पक्के आहेत त्याची कार्यस्मृती रीत समजून घेण्यासाठी मोकळी राहते. पाठांतर आणि आकलन हे एकमेकांचे वैरी आहेत ही समजूत त्यामुळे अर्धवट ठरते. मूलभूत गोष्टी सहज आठवत असतील तरच आकलनाला जागा मिळते.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर केलेल्या प्रयोगातून याच गोष्टीची दुसरी बाजू समोर आली. खऱ्या डावातील पटाची मांडणी पाच सेकंद दाखवून ती स्मरणाने पुन्हा मांडायला सांगितल्यावर निष्णात खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी अधिक सोंगट्या अचूक मांडत असे. पण सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या की निष्णात खेळाडूची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होत असे. त्याच्या मेंदूची साठवण मुळात मोठी नसते. वर्षानुवर्षांच्या सरावाने ओळखीच्या झालेल्या रचना त्याला एकेक घटक म्हणून दिसतात, एवढाच दोघांतला फरक आहे. कोणत्याही विषयातील प्रावीण्य असेच दीर्घकालीन स्मृतीत साठलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या ज्ञानावर उभे असते.

ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी या मर्यादेचा शिकवण्याशी थेट संबंध जोडला. ग्रॅहम कूपर यांच्याबरोबर १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी बीजगणित नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या दोन गटांची तुलना केली. सगळी गणिते स्वतः सोडवण्याची धडपड करणाऱ्या गटापेक्षा, सोडवलेले उदाहरण पाहून लगेच तशाच प्रकारचे एक गणित सोडवणाऱ्या गटाने कमी वेळात आणि कमी चुका करत रीत आत्मसात केली. नवशिक्या विद्यार्थ्याला अनोळखी प्रश्नासमोर एकट्याने सोडून दिल्यास त्याची सारी कार्यस्मृती उत्तर शोधण्यात खर्ची पडते आणि रीत शिकण्यासाठी काही उरत नाही. जसजसा विषय हाताखालून जातो तसतशी ही गरज मात्र कमी होत जाते आणि जाणकार विद्यार्थ्याला तयार उदाहरणांचा उलट अडथळा होऊ लागतो, म्हणून शिक्षकाने आधार हळूहळू काढून घ्यावा लागतो.

आठवणे हेच शिकणे

अभ्यास म्हणजे माहिती मनात घालणे आणि परीक्षा म्हणजे ती बाहेर काढून तपासणे, अशी विभागणी सर्वत्र रूढ आहे. संशोधनाने या विभागणीलाच धक्का दिला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आर्थर गेट्स यांनी १९१७ साली शालेय मुलांवरील प्रयोगांतून दाखवले, की अभ्यासाचा सगळा वेळ वाचनात घालवण्यापेक्षा त्यातला बराचसा वेळ पुस्तकाकडे न पाहता मजकूर आठवण्याच्या प्रयत्नात घालवला तर अधिक लक्षात राहते. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर यांनी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील सहावीच्या ३,६०५ विद्यार्थ्यांना माहितीपर लेख वाचायला देऊन वेगवेगळ्या अंतराने त्यांच्या चाचण्या घेतल्या; वाचल्यानंतर लवकर चाचणी दिलेल्या मुलांच्या स्मरणात तो मजकूर पुढे कित्येक आठवडे अधिक चांगला टिकला. तरीही चाचणी हे शिकण्याचे साधन आहे ही कल्पना दीर्घकाळ दुर्लक्षितच राहिली.

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ती पुन्हा केंद्रस्थानी आणली. हे प्रयोग जरा जवळून पाहण्याजोगे आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शास्त्रीय विषयावरील छोटे उतारे सात मिनिटे वाचायला दिले गेले. त्यानंतर एका उताऱ्यासाठी त्यांना आणखी सात मिनिटे पुन्हा वाचनासाठी मिळाली, तर दुसऱ्या उताऱ्यासाठी सात मिनिटांत कोऱ्या कागदावर आठवेल तितके लिहून काढायचे होते. बरोबर काय आणि चूक काय हे त्यांना सांगितले गेले नाही. पाच मिनिटांनी अंतिम चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा ८१ टक्के आणि आठवून लिहिलेला ७५ टक्के लक्षात होता, म्हणजे वाचनाचीच सरशी झाली. दोन दिवसांनी मात्र चित्र उलटले: पुन्हा वाचलेला ५४ टक्के, आठवून लिहिलेला ६८ टक्के. आठवड्यानंतर हेच आकडे अनुक्रमे ४२ आणि ५६ टक्के होते.

दुसऱ्या प्रयोगात एका गटाने उतारा चार सत्रांत केवळ वाचला आणि दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत फक्त आठवून लिहिला. पहिल्या गटाने उतारा सरासरी चौदाहून अधिक वेळा वाचून काढला, तर दुसऱ्या गटाच्या वाट्याला सरासरी साडेतीन वेळाही वाचन आले नाही. आठवड्यानंतर पहिल्या गटाला ४० टक्के आणि दुसऱ्याला ६१ टक्के आठवले. आपल्याला पुढे किती लक्षात राहील असे वाटते, हा प्रश्न अभ्यास संपताच विचारला गेला होता, तेव्हा सर्वाधिक आत्मविश्वास दिसला तो पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या गटात. त्यांचा अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल परस्परविरुद्ध दिशांना गेले.

रोडिगर आणि कार्पिकी यांनीच २००८ साली स्वाहिली भाषेतील ४० शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ शिकवून आणखी एक तुलना केली. शब्द एकदा बरोबर आठवल्यावर त्याची पुढे चाचणी थांबवली, तर आठवड्यानंतर सुमारे एकतृतीयांश शब्द लक्षात राहिले, मग त्या शब्दांचे वाचन कितीही चालू ठेवलेले असो. चाचणी चालू ठेवली तर सुमारे ८० टक्के शब्द टिकले. सगळ्याच गटांतील विद्यार्थ्यांनी स्वतःला साधारण निम्मे शब्द आठवतील असा सारखाच अंदाज बांधला होता. एकदा आले म्हणजे आता ते पक्के झाले, ही विद्यार्थ्यांची नेहमीची समजूत किती धोक्याची आहे याचा हा पुरावा आहे.

या पद्धतीला पुनःस्मरण सराव असे म्हणता येईल: शिकलेली गोष्ट समोर न ठेवता ती स्मृतीतून स्वतः बाहेर काढण्याचा सराव. तिचा परिणाम प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहिलेला नाही. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एका माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान यांच्या नियमित तासांना छोट्या, गुणांचे दडपण नसलेल्या चाचण्या घेऊन अनेक वर्षे अभ्यास केला गेला, तेव्हा चाचणीत आलेला भाग विद्यार्थ्यांना सत्राच्या परीक्षेतही इतर भागांपेक्षा चांगला आला.

सहजतेचा भ्रम

चांगले काम करणारी पद्धत विद्यार्थ्यांना वाईट का वाटते आणि कमकुवत पद्धत चांगली का वाटते, हा या संशोधनातील कळीचा प्रश्न आहे. धडा तिसऱ्यांदा वाचताना वाक्ये ओळखीची वाटतात, डोळे झरझर पुढे सरकतात आणि ही सहजता मन ज्ञान म्हणून स्वीकारते. परंतु समोर असलेली गोष्ट ओळखणे, म्हणजे प्रत्यभिज्ञा, आणि ती समोर नसताना आठवणे, म्हणजे प्रत्यावाहन, या दोन निराळ्या क्रिया आहेत. वाचनाने पहिलीचा सराव होतो आणि परीक्षेला, तसेच आयुष्यालाही, दुसरी लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियोर्क या दांपत्याने या कोड्याची उकल करणारी मांडणी केली आहे. त्यांच्या मते प्रत्येक आठवणीला दोन प्रकारचे बळ असते: ती मनात किती खोल रुजली आहे याचे एक आणि या क्षणी ती किती सहज हाती लागते याचे दुसरे. आत्ताच वाचलेला धडा सहज हाती लागतो, पण म्हणून तो खोल रुजलेला असेलच असे नाही. एखादी गोष्ट थोडी हातातून निसटू लागली असताना कष्टाने आठवली, तर तिचे रुजणे अधिक बळकट होते. शिकणे तात्पुरते मंद आणि अवघड करणाऱ्या, पण टिकाऊपणा वाढवणाऱ्या अशा परिस्थितींना रॉबर्ट बियोर्क यांनी १९९४ साली ‘इष्ट अडचणी’ या अर्थाची संज्ञा दिली. त्यातला ‘इष्ट’ हा भाग विसरता कामा नये. ज्या अडचणीवर विद्यार्थी प्रयत्नाने मात करू शकतो तीच इष्ट, आणि ज्या प्रश्नासाठी त्याच्याजवळ काहीच पूर्वतयारी नाही तो केवळ निराश करणारा असतो.

अंतर आणि मिश्रण

अभ्यासात अंतर ठेवण्याचा जो लाभ एबिंगहाउस यांना दिसला होता, त्याचा सविस्तर शोध निकोलस सेपेडा, हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १,३०० हून अधिक लोकांवर केलेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास पहिल्या आणि दुसऱ्या उजळणीत किती दिवसांचे अंतर असावे याचे उत्तर देतो. हे अंतर माहिती किती काळ टिकवायची आहे त्यावर अवलंबून असते: आठवड्याने आठवायचे असेल तर एक-दोन दिवसांचे अंतर पुरते, आणि जवळजवळ वर्षभराने आठवायचे असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे अंतर सर्वांत लाभदायक ठरते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर शिकवलेला धडा पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमधील दहावीच्या परीक्षेत आठवायचा असेल, तर त्याची उजळणी थेट जानेवारीत करण्यापेक्षा जुलैमध्ये, पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरात आणि दिवाळीनंतर असे थोडे थोडे करणे या निष्कर्षाला धरून आहे. त्यासाठी एकूण वेळ वाढवावा लागत नाही, तो फक्त वेगळ्या रीतीने वाटावा लागतो.

मिश्र सरावाचा लाभ गणितात विशेष ठळकपणे दिसतो. फ्लोरिडातील डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एका आकृतीची सगळी गणिते संपवून मग दुसरी घेतली, तर दुसऱ्या गटाने चारही प्रकारची गणिते मिसळून सोडवली. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिश्र गटाची ६० टक्के; आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि मिश्र गटाने ६३ टक्के गुण मिळवले. पुढे रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांत चार महिने चालवलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, महिन्यानंतर घेतलेल्या चाचणीत मिश्र सराव केलेल्या वर्गांना ६१ टक्के आणि इतरांना ३८ टक्के गुण मिळाले.

या फरकाचे कारण महाराष्ट्रातील दहावीच्या महत्त्वमापन या प्रकरणावरून सहज ध्यानात येते. शंकूची सलग दहा गणिते सोडवणाऱ्या मुलाला पहिल्या गणितानंतर सूत्र निवडावे लागत नाही. ते आधीच ठरलेले असते आणि तो फक्त आकडे घालतो. परीक्षेत प्रश्नावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते. शंकू, वृत्तचिती, गोल की शंकूछेद हे आधी ओळखावे लागते, आणि नेमका त्याच कौशल्याचा सराव एकसुरी गणितांतून होत नाही. पाठ्यपुस्तकात सरावसंचांनंतर येणारा संकीर्ण प्रश्नसंग्रह ही उणीव काही प्रमाणात भरून काढतो, पण तोही एका प्रकरणाच्या मर्यादेत राहतो. पाठीमागच्या दोन-तीन प्रकरणांतील चार गणिते दर आठवड्याच्या गृहपाठात मिसळणे हा त्यावरचा साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

आकलन आणि पूर्वज्ञान

आठवण्यावर इतका भर दिल्याने घोकंपट्टीलाच प्रतिष्ठा मिळेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ती गंभीरपणे घेण्याजोगीही आहे, कारण संशोधन आकलनाच्या बाजूनेच उभे आहे. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ साली केलेल्या एका प्रयोगात लोकांना एक उतारा ऐकवला गेला, ज्यातील प्रत्येक वाक्य सोपे होते पण संपूर्ण उतारा अगम्य वाटत होता. तो कपडे धुण्याविषयी आहे हे ज्यांना आधीच सांगितले गेले होते, त्यांना तो समजला आणि इतरांच्या सुमारे दुप्पट लक्षातही राहिला. ज्यांना हे ऐकून झाल्यावर सांगितले गेले त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. नवी माहिती जुन्या ज्ञानाला जोडली गेली तरच तिला अर्थ येतो, आणि अर्थ असलेलेच टिकते. पाठ टाचणात पूर्वज्ञानाच्या प्रश्नांना दिलेले पहिले स्थान केवळ उपचार म्हणून उरकले जाते तेव्हा हेच गमावले जाते.

पुनःस्मरण सरावाचा कस त्यामुळे प्रश्नाच्या दर्जावर अवलंबून असतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कोणत्या साली झाला, हे आठवणे आवश्यक आहे; पण राज्याभिषेकाची गरज का भासली, तो झाला नसता तर कोणत्या अडचणी राहिल्या असत्या, असे विचारले की विद्यार्थ्याला आठवलेल्या गोष्टी एकमेकींशी जोडाव्या लागतात. ‘असे का’ हा प्रश्न स्वतःला विचारणे आणि गणिताची प्रत्येक पायरी स्वतःच्या शब्दांत समजावून सांगणे या दोन सवयींनी आकलन वाढते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे.

काय उपयोगी आणि काय नाही

जॉन डनलोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित तंत्रांवरील संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराने विभागणे या दोन तंत्रांना त्यांनी सर्वाधिक उपयुक्त ठरवले. मिश्र सराव, ‘का’ विचारणे आणि स्वतःला समजावून सांगणे यांना मध्यम, तर रेघा मारणे, पुन्हा वाचणे आणि सारांश लिहिणे यांना कमी उपयुक्ततेच्या गटात ठेवले. विद्यार्थी सर्वाधिक वापरतात ती तंत्रे यादीच्या तळाशी आली.

प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी असते, कोणी पाहून शिकतो तर कोणी ऐकून, आणि त्या शैलीनुसार शिकवले की शिकणे सुधारते, ही कल्पना शिक्षक प्रशिक्षणात आणि पालकांत फार लोकप्रिय आहे. पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, रोहरर आणि रॉबर्ट बियोर्क यांनी २००८ साली या दाव्याची तपासणी केली, तेव्हा तो सिद्ध करणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांच्या आवडी, पूर्वतयारी आणि गती यांत फरक असतातच; पण भूगोलाचा नकाशा सगळ्यांनाच पाहावा लागतो आणि कवितेची लय सगळ्यांनाच ऐकावी लागते. सादरीकरणाची निवड विषयाच्या स्वरूपावरून व्हावी, मुलांवर चिकटवलेल्या शिक्क्यांवरून होऊ नये.

वर्गात आणि घरी

या सगळ्याचे रूपांतर वर्गातील कृतीत करण्यासाठी नव्या साधनांची गरज नाही. दहावीच्या विज्ञानाचे शिक्षक भिंगांचे प्रकरण शिकवणार असतील, तर तासाची पहिली पाच-सहा मिनिटे पुस्तके मिटवून चार प्रश्नांना देता येतात: एक कालच्या तासावरचा, दोन प्रकाशाच्या अपवर्तनावरचे, कारण नवे प्रकरण त्यावरच उभे आहे, आणि एक काही आठवड्यांपूर्वी शिकवलेल्या विद्युतधारेच्या परिणामांवरचा. उत्तर देण्यासाठी हात वर करणाऱ्या दोन-चार मुलांवर समाधान न मानता सगळ्यांनी ती कागदावर लिहावीत, कारण आठवण्याचा लाभ आठवणाऱ्यालाच होतो. त्यानंतर लगेच बरोबर उत्तरे सांगून चुकांचे कारण समजावणे, म्हणजे प्रत्याभरण देणे, तितकेच आवश्यक आहे, नाहीतर चुकीचे उत्तरच पक्के होण्याचा धोका राहतो. या कागदांना गुण नसावेत. गुणांची भीती दूर झाली की विद्यार्थी न येणारे झाकून ठेवत नाहीत, आणि कोणता भाग पुन्हा शिकवावा लागेल हे शिक्षकालाही त्याच दिवशी कळते.

घरच्या अभ्यासासाठीही हाच मार्ग आहे. धडा एकदा लक्षपूर्वक वाचून पुस्तक मिटावे, कोऱ्या पानावर आठवेल तेवढे लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले वेगळ्या शाईने भरावे आणि दोन-तीन दिवसांनी हीच कृती पुन्हा करावी. शब्दार्थ, सूत्रे, सनावळ्या आणि व्याख्या यांसाठी जर्मनीतील सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली लोकप्रिय केलेली पत्त्यांची पद्धत उपयोगी पडते: एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या एका खोक्याच्या कप्प्यांत ठेवायच्या, बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात टाकायची आणि चुकलेली पहिल्या, रोज उघडायच्या कप्प्यात परत आणायची. अवघड गोष्टी वारंवार आणि सोप्या क्वचित समोर येतात, आणि अंतराचे गणित आपोआप सांभाळले जाते. पालकांनीही मूल किती तास पुस्तकासमोर बसले हे मोजण्याऐवजी, पुस्तक मिटून त्याला काय सांगता येते हे आस्थेने विचारावे.

या निष्कर्षांच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. यांतील बरेचसे प्रयोग पाश्चात्त्य देशांतील विद्यार्थ्यांवर झाले आहेत, आणि उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या किंवा घरची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी असणाऱ्या मुलांच्या अडचणी केवळ अभ्यासतंत्राने सुटणाऱ्या नाहीत. शिकण्याची ओढ, शिक्षकाविषयीचा विश्वास आणि पुरेशी झोप यांनाही पर्याय नाही. तरीही पुनःस्मरण आणि अंतर यांचे लाभ निरनिराळ्या वयांत, विषयांत आणि देशांत इतक्या वेळा दिसून आले आहेत, की त्यांची उपेक्षा करण्यास आता सबळ कारण उरलेले नाही.

महाराष्ट्रातील शाळांत आकारिक मूल्यमापनाची तरतूद आहे, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या छोट्या तपासणीची चौकट हाताशी आहेच. ती नोंदी भरण्याचे काम म्हणून न उरकता मुलांना रोज थोडे आठवायला लावण्यासाठी वापरणे शिक्षकांच्या हाती आहे. त्यांच्यावरचा कागदोपत्री भार कमी करून त्यासाठी वेळ मोकळा करणे हे शिक्षण विभागाचे कर्तव्य आहे. आणि अभ्यास अवघड जात असताना मुलाला ‘तुला येत नाही’ असे न म्हणता ‘आठवून पाहा’ असे म्हणणे हे पालकांचे. मुलांनी अधिक तास बसावे असा आग्रह धरण्याआधी, ती आज जेवढे तास बसतात तेवढे कारणी लागतील अशी पद्धत त्यांना शिकवणे, हे मोठ्यांचे त्यांच्याप्रति असलेले ऋण आहे.